पेटीतली चांदणी

संग्रहालय उघडायला आठ दिवस उरले होते आणि सूनबाईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. सकाळी केसांना क्लिप लावता लावताच ती सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आई, आज तुम्ही माझ्याबरोबर यायचंच. पेटी मिळाली!"

"कसली पेटी?"

"चहाची! खरी! दोन वर्षं शोधत होतो आम्ही. एका निवृत्त ड्रायव्हरच्या घरी निघाली. गोधड्या भरून ठेवल्या होत्या त्यात."

चांदणीबाईंनी हातातला कप बशीत ठेवला. सुनेच्या तोंडावरचा आनंद बघून त्यांनाही बरं वाटलं, पण मनात कुठेतरी बारीक खडा टोचला. गोधड्या भरलेली पेटी? कारखान्यातून घरी आलेली? तरी त्या उठल्या. पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या.

चांदणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चौतीस वर्षं चहाच्या कारखान्यात पेट्यांना अस्तर लावायचं आणि लावलेलं तपासायचं काम केल्यावर खरं नाव फक्त कागदपत्रांत उरलं. त्याचं असं होतं, की चहा प्लायवूडच्या पेट्यांतून परदेशी जायचा. पेटी कितीही निगुतीनं ठोकली तरी कोपऱ्याकोपऱ्यात केसाएवढी फट राहतेच. चहाला तेवढीही पुरते. समुद्रावरची दमट हवा आत शिरली, शेजारच्या मालाचा वास लागला, की महिन्यांच्या मेहनतीवर पाणी. म्हणून आतून चंदेरी कागदाचं अस्तर. ते जिथे फाटलं किंवा तोकडं पडलं, तिथून उजेड आत यायचा. तपासणारी बाई उघड्या पेटीत डोकं घालायची, खांद्यावरून काळं कापड ओढून घ्यायची आणि त्या काळोखात शोधायची. काही दिसलं नाही, तर बाहेर येऊन निळ्या तेलकट खडूनं गोल काढायचा: पेटी पास. ठिपक्याएवढा उजेड दिसला, तर त्याला म्हणायचे चांदणी. चांदणी दिसली की पेटी बाद. मग ती कितीही देखणी असो.

आणि ज्यांच्या नजरेतून एकही चांदणी सुटत नाही, त्या चांदणीबाई.

तोच कारखाना आता चहाचं संग्रहालय झाला होता. सूनबाई तिथे माहिती सांगायच्या कामावर होती, आणि वस्तूंखालच्या पाट्यांचा मजकूरही तीच लिहायची. सासूला हाताला धरून ती एकेका दालनातून नेऊ लागली. पहिल्यात झुडपं छाटायच्या बाकदार सुऱ्या आणि खुडणाऱ्या बायांच्या टोपल्या. पुढच्यात पानं सुकत घालायच्या जाळ्या, एकीवर एक, छतापर्यंत. मग पानं मळायचं पितळी यंत्र, घासूनपुसून आरशासारखं केलेलं.

"आमच्या वेळी हे एवढं चकचकीत असतं तर सगळ्या बाया इथेच वेणी घालत बसल्या असत्या," चांदणीबाई म्हणाल्या.

चव घेणाऱ्यांच्या टेबलावर पांढऱ्या कपांची रांग होती आणि शेजारी कमरेएवढं उंच, थुंकायचं भांडं.

"यावर पाटी मोठी लाव गं. नाहीतर कुणीतरी कौतुकानं फुलं ठेवून जाईल त्यात."

त्यापुढचं दालन चहा पिण्याचं. किटल्या, गाळण्या, बिनकानाचे कप, कानवाले कप, मिशा भिजू नयेत म्हणून आत पट्टी असलेले कप. चांदणीबाई तिथे कंबरेवर हात ठेवून थबकल्या. "बघ बाई. जगाला चहा प्यायला केवढी भांडी लागली. आणि न्यायला? एक पेटी."

"म्हणूनच तर!" सूनबाईनं शेवटचं दार ढकललं.

दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर ती ठेवली होती. वरून दिव्याचा झोत. पत्र्याच्या पट्ट्या गंजून तपकिरी झालेल्या, पण खिळे एका ओळीत, जणू शिवणयंत्रानं टीप मारलेली. चांदणीबाईंनी एक प्रदक्षिणा घातली. हात मागे बांधलेले, कारण सुनेनं बजावलं होतं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. खालच्या लाकडी पट्टीवर तापल्या सळईनं उठवलेले दोन ठिपके होते. त्याखाली छापलेली तारीख. आणि कोपऱ्याजवळ, धुळीखालून डोकावणारी निळी फुली.

त्या सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार बदलला होता.

"आई? काय झालं?"

"सूनबाई, ही बाद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाद. ही फुली माझी आहे. आडवी रेघ असती तर अस्तराचा दोष. फुली म्हणजे खिळा. खिळ्याचं टोक आत निघालं आणि कागद फाटला. पेटी करणाऱ्याची चूक."

सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. "दोन वर्षं शोधून आम्ही बाद पेटी आणली?"

"दुसरी आणणार कुठून?" चांदणीबाई हळूच म्हणाल्या. "चांगल्या होत्या त्या चहा घेऊन गेल्या. परत कोण आणून देतं? पलीकडे चहा काढला, पेटी फोडली, चुलीत घातली. बाद झालेल्या तेवढ्या इथल्या लोकांनी घरी नेल्या. कांदे ठेवायला, गोधड्या ठेवायला."

तेवढ्यात संग्रहालयाच्या मुख्य बाई आल्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात पांढरे मोजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाईट वाटायचं सोडून त्यांचे डोळेच चमकले.

"अहो, मग तर फारच छान! नाकारलेली पेटी, नाकारणारी बाई समोर. पाटीवर तसंच लिहू. 'खिळ्याच्या दोषामुळे बाद.' आणि हे दोन ठिपके कुणाचे?"

"दोनठोके," चांदणीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

कुठलाही खिळा तिसरा ठोका न मारता बसवणारा कारागीर, म्हणून दोनठोके. कारखान्यातला सगळ्यात तयार हात. ठोक्यांचा आवाज ऐकून बाया डोळे मिटून सांगायच्या, हा दोनठोके.

"हयात आहेत?" मुख्य बाईंनी विचारलं. चांदणीबाईंनी मान हलवताच त्या म्हणाल्या, "मग पाटी लावण्यापूर्वी त्यांना विचारायला हवं. त्यांच्याच कामाचा दोष लिहितोय आपण."

"मी फोन करते," सूनबाई म्हणाली. चांदणीबाईंनी तिचा हात दाबला, पण पोरीचं लक्ष नव्हतं.

*

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून चांदणीबाई नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. त्यांचा एक नेम होता. कामाला लागल्या त्या दिवसापासूनचा, आणि काम सुटल्यावरही चालू ठेवलेला. दिवा लावला की हात जोडून म्हणायचं, "देवा, आज माझ्या नजरेनं कुणावर अन्याय झाला असेल तर दाखव." एवढंच. रोज म्हणायच्या आणि रोज मन निवांत असायचं. आज त्या 'दाखव'पाशी थांबल्या.

ती तारीख त्या विसरल्या नव्हत्या. त्या वर्षी परदेशात मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि कारखान्याचा चहा तिथे मांडायचा होता. ज्या कारागिराची महिन्याभरात एकही पेटी बाद होणार नाही, त्यानं प्रदर्शनाची पेटी करायची. तळाशी त्याचं नाव कोरून, जगानं बघावं अशी. दोनठोकेंची महिनाभर एकही बाद झाली नव्हती. शेवटच्या दिवशी, शेवटच्या खेपेत एक झाली. प्रदर्शनाला दुसऱ्याची पेटी गेली.

तेव्हापासून चाळीस वर्षं तो माणूस त्यांच्याशी टोमण्याशिवाय बोलला नव्हता.

"तुमचं चुकलं नव्हतं ना, आई?" सूनबाईनं मागून हळूच विचारलं.

"चांदणी होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"मग झालं तर."

"झालं," चांदणीबाई म्हणाल्या. पण दिव्याची वात सारखी करायचं निमित्त काढून त्या आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला दोनठोके हजर. ऐंशीच्या घरातला माणूस, काठी हातात, पण ती टेकायला नाही, दाखवायला. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे काळा चष्मा.

"कुठे आहे माझी लेक?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"लेक?" मुख्य बाई गोंधळल्या.

"पेटी हो, पेटी! चाळीस वर्षं परक्याच्या घरी गोधड्या सांभाळत होती बिचारी. आणि तिला तिथे धाडणाऱ्या कुठे आहेत?"

"इथेच आहे मी," चांदणीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "बसा, दोनठोके. धाप लागलीय तुम्हाला."

"धाप नाही, राग आहे तो. जुना आहे म्हणून घरघर होते." त्यांनी पेटीकडे नजर टाकली. मग पट्टीवरून बोट फिरवायला गेले, तशा मुख्य बाई पुढे झाल्या.

"मोजे घाला, प्लीज."

"मीच केलीय ती, बाई! तेव्हा मोजे कुठे होते?"

"तेव्हा ती पेटी होती. आता संग्रहालयाची वस्तू आहे."

"बघा म्हणजे. मी आहे तसाच राहिलो आणि तिला बढती मिळाली." तरी त्यांनी मोजे घातले. एकेक खिळा मोजल्यासारखे बोट नेत गेले. "सांगा. यातला कुठला खिळा वाकडा आहे? आहे एक तरी? ह्या पोरीनं काल फोनवर मला वाचून दाखवलं. 'खिळ्याच्या दोषामुळे बाद.' माझे दोन ठिपके आणि खाली हे? कारखाना बंद झाला, माणसं गेली, सगळं विसरलं गेलं असतं. आता काचेत घालून कायमचं लावणार तुम्ही. माझी नातवंडं येतील, त्यांची पोरं येतील, आणि वाचतील काय? की आजोबाला खिळा मारता येत नव्हता."

आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. सूनबाईनं हातातला कागद पाठीमागे लपवला.

"चांदणी होती, दोनठोके," चांदणीबाई म्हणाल्या. "नसताना मी फुली मारली नसती. शत्रूच्या पेटीवर नाही आणि भावाच्या पेटीवर नाही."

"मग दाखवा."

"काय?"

"चांदणी. पेटी समोर आहे, तुम्ही समोर आहात. घाला डोकं."

सगळे मुख्य बाईंकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उतरवला. मग म्हणाल्या, "केसांना टोपी, हातांत मोजे घालून. आणि पेटीला भार द्यायचा नाही. दिवा मी स्वतः धरते."

सूनबाईनं काळं कापड आणलं. चांदणीबाई पुढे झाल्या. गुडघे कुरकुरले, पण पेटीच्या तोंडापाशी पोचल्यावर पाठ आपसूक त्या जुन्या बाकात वळली. खांद्यावरून कापड आलं. काळोख झाला. लाकडाचा वास, गोधड्यांचा वास, आणि त्याच्याही तळाशी, अजून, कारखान्याच्या हवेतल्या चहाचा.

"काय दिसतंय?" बाहेरून दोनठोके.

"अख्खं आभाळ," चांदणीबाई आतून म्हणाल्या. "चाळीस वर्षं गोधड्या कोंबल्यात हो. जागोजाग फाटलंय."

"बघा! म्हणजे काहीच सिद्ध होत नाही!"

"गप्प बसा जरा. मी फुली कुठे मारायची? चांदणी जिथे, तिथेच बाहेरून. फुली खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे. मॅडम, वरचे दिवे मालवा आणि तिथे एकच दिवा धरा."

दिवा सरकला. बाकीच्या चांदण्या विझल्या, एकच उरली. कोपऱ्याच्या अगदी तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढी. चाळीस वर्षांनी त्यांनी तिला ओळखलं. छातीतून मोठा श्वास सुटला. होती. आपण खोटं बोललो नव्हतो.

तेवढ्यावर बाहेर आल्या असत्या, तर गोष्ट तिथेच मिटली असती. पेटी बादच होती, फुली बरोबर होती, कुणी बोट दाखवलं नसतं. पण ती चांदणी बघता बघता त्यांना काहीतरी खटकलं. बाकीच्या भोकांच्या कडा वेड्यावाकड्या, फाटलेल्या. हिची कड सरळ. कात्रीनं कापल्यासारखी.

"मॅडम, मला मोजा काढायचाय. एकच बोट. मोज्यातून कळत नाही."

मुख्य बाईंनी विचार केला. "हात धुऊन, कोरडा करून. एकच."

हात धुतला गेला, पुसला गेला. चांदणीबाई पुन्हा आत गेल्या. बोटाचं टोक कोपऱ्यात टेकवलं आणि खिळ्याचं टोक शोधलं. नव्हतं. लाकूड गुळगुळीत होतं, कुठे कूस नाही, टोक नाही. कागद फाटलेलाच नव्हता. तो तिथवर पोचलाच नव्हता. कोपऱ्यातली घडी अर्ध्या बोटानं तोकडी पडली होती.

अस्तराचा दोष. फुली नव्हे, आडवी रेघ.

आणि मग बोट घडीवरून फिरलं आणि थांबलं. कारखान्यातल्या सगळ्या बाया उजव्या हाताच्या. त्यांची घडी उजवीकडून डावीकडे जायची. ही उलटी होती, डावीकडून उजवीकडे. त्या दालनात एकच बाई डावखुरी होती.

काळ्या कापडाखाली चांदणीबाई तशाच राहिल्या. आता सगळं आठवलं. अस्तर लावणारीनं आपलीच पेटी तपासायची नाही, हा दालनाचा पहिला नियम. पण त्या दिवशी जोडीदारीण तापानं आजारी पडली होती. महिन्याचा शेवट, गाडी दारात उभी, वरून हाकारे. त्यांनी सकाळी अस्तरं लावली आणि दुपारी तपासणीला उभ्या राहिल्या. शेवटच्या खेपेत आपली कुठली आणि दुसरीची कुठली याचं भान राहिलं नाही. चांदणी कोपऱ्यात दिसली, जवळच खिळ्यांची ओळ होती. हात फिरवून बघायला वेळ नव्हता. स्वतःची घडी तोकडी पडेल हे मनात शिवलंसुद्धा नाही. फुली मारली.

रोज दिवा लावून दाखव दाखव म्हणत होते, त्या म्हणाल्या मनात. दाखवलंस की रे.

"बाई, झोपलात का आत?" दोनठोके.

कापड बाजूला झालं. चांदणीबाईंचे केस टोपीखाली विस्कटले होते. त्यांनी टोपी नीट केली, पदर सारखा केला आणि दोनठोकेंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. सुनेकडे एकदाच बघितलं. ह्या पोरीनं चार जणींत सांगितलं होतं, माझ्या सासूच्या नजरेतून काही सुटत नाही.

"दोनठोके, तुमचा खिळा सरळ आहे."

त्यांनी पेटीच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"चांदणी आहे. पेटी बादच आहे. पण खिळ्यानं नाही. घडी तोकडी पडलीय. आणि ती घडी माझी आहे. डाव्या हाताची. मी माझीच पेटी तपासली, आणि दोष तुमच्या नावावर लावला. मुद्दाम नाही. पण लावला."

दोनठोकेंनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लालसर होता. त्यांनी काठी पहिल्यांदाच जमिनीवर टेकवली आणि सूनबाईनं पुढे केलेल्या स्टुलावर बसले.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले. "रोज घरी सांगायचो. बायको म्हणायची, सोडा हो आता. एकदा तर म्हणाली, कदाचित वाकडा गेलाही असेल. जेवलो नव्हतो त्या दिवशी." ते थोडं हसले. "असायला हवी होती ती आज."

"मी हात जोडते."

"हात नका जोडू, बाई. टोपीत तुम्ही फार विचित्र दिसता, त्यात हात जोडले तर मला हसू येईल." मग ते गंभीर झाले. "एक सांगा. घडी तोकडी होती. ही पेटी गेली असती तर?"

"चहा वास धरून पोचला असता."

"नाव कुणाचं गेलं असतं?"

"सगळ्यांचं. खुडणाऱ्यांपासून तुमच्यापर्यंत."

"मग तुम्ही अडवलीत ते बरोबर केलंत. माझं नाव त्या प्रदर्शनात गेलं नाही. पण घाण चहावरही गेलं नाही." त्यांनी पेटीकडे बघितलं. "आणि लक्षात ठेवा, दोष खिळ्याचा नव्हता."

"ठेवलं," चांदणीबाई म्हणाल्या. "आता सगळ्यांच्या लक्षात राहील. सूनबाई, कागद काढ. मी सांगते तसं लिही."

सूनबाई कावरीबावरी झाली. "आई, तुमचं नाव... पाटी कायमची असते."

"म्हणून तर सांगते."

मुख्य बाईंनी घसा खाकरला. "संग्रहालय उघडतंय. मंडळी येणार, मोठे खरेदीदार येणार. आणि आपण पाटीवर आपलीच चूक..."

"मॅडम," चांदणीबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्या कारखान्याचा चहा लोक डोळे मिटून घ्यायचे. का? कारण बाद म्हटलं की आम्ही बाद म्हणायचो. कुणाचीही असो. ती एवढी एकच गोष्ट तुमच्याकडे काचेत ठेवण्यासारखी आहे. बाकी किटल्या काय, बाजारात मिळतात."

मुख्य बाईंनी सूनबाईकडे बघून मान हलवली. सूनबाईनं पेन उघडलं.

*

नवी पेटी करायची ही कल्पना दोनठोकेंची. "लोक बादच बघून जाणार का? पास झालेली कशी असते ते नको दाखवायला?" उरलेले दिवस त्यांनी संग्रहालयाच्या मागच्या पडवीत काढले. हात थरथरायचा, पण हातोडी उचलली की थरथर थांबायची. सूनबाई लपून मोजायची. दोन ठोके. पुढचा. दोन ठोके. एकदा तीन पडले, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघून तो खिळा उपटला आणि खिशात टाकला.

कागदानं मात्र दमवलं. स्वयंपाकघरातला चंदेरी कागद सूनबाईनं आणला, तो चांदणीबाईंनी दोन बोटांत धरून परत केला. "पोळ्या गुंडाळ." शेवटी थंड हवेचे पाइप बसवणाऱ्या माणसाकडून जाड कागदाची गुंडाळी मिळाली. पेटीच्या मापाच्या लाकडी साच्यावर तो बसवताना चांदणीबाईंनी डाव्या हातानं घडी घातली आणि बोटभर जास्तच आत नेली. चारही कोपरे. मग उघडून पुन्हा घातली.

"आता किती वेळ?" दोनठोके.

"चाळीस वर्षं उशीर झालाय, अजून एक तास झाला तर काय बिघडतं?"

उद्घाटनाच्या सकाळी दालन भरून गेलं. जुन्या कामगार बाया आल्या, नातवंडांचे हात धरून. खरेदीदार आले, कोटाच्या खिशात चष्मे ठेवून. काचेतल्या जुन्या पेटीपुढे सगळे थांबत होते आणि पाटी वाचत होते. सूनबाईनं सासूचा शब्द न् शब्द तसाच लिहिला होता, स्वतःची नक्षी घातली नव्हती:

ही पेटी बाद आहे. लाकूडकाम निर्दोष. दोष अस्तराचा. अस्तर लावणारी आणि तपासणारी एकच होती. तसं करायचं नसतं. फुली चुकीची आहे, ती आम्ही पुसलेली नाही. चांगल्या पेट्या इथे नाहीत. त्या चहा घेऊन गेल्या.

एक म्हातारा खरेदीदार ती दोनदा वाचून मागे वळला. "तीस वर्षं ह्या कारखान्याच्या पेट्या मी न उघडता विकत घेतल्या," तो शेजारच्याला म्हणाला. "का घेत होतो ते आज वाचलं."

चांदणीबाईंनी ते ऐकलं. त्यांची मान ताठ झाली, आणि ती दिवसभर तशीच राहिली.

नवी पेटी बाहेर मोकळी ठेवली होती, वर काळं कापड. तिच्यावर दोन ठिपके होते, पण तपासणीची खूण अजून नव्हती. जुन्या बायांपैकी एक ओरडली, "चांदणीबाई, घाला डोकं, काढा गोल!"

"मी नाही," चांदणीबाई म्हणाल्या. "अस्तर माझं आहे. मला चालत नाही."

"मग कोण?"

त्यांनी निळा खडू दोनठोकेंपुढे धरला. "नवा डोळा आहे तुमचा. वापरा."

दोनठोकेंनी काठी सूनबाईकडे दिली. काळा चष्मा खिशात गेला. दोन्ही हात मांड्यांवर टेकवून ते वाकले आणि पेटीत शिरले. सूनबाईनं कापड ओढलं. दालनात इतकी शांतता झाली की बाहेरच्या टेबलावर कुणीतरी कपात चहा ओतत होतं तेसुद्धा ऐकू आलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"दोनठोके," चांदणीबाईंनी कापडाशी तोंड नेऊन विचारलं, "झोपलात का?"

"थांबा हो," आतून आवाज आला. "शोधतोय. एक जरी सापडली असती ना, जिवाला बरं वाटलं असतं."

बाया खो खो हसल्या. चांदणीबाई हसल्या नाहीत. त्या हात मागे बांधून उभ्या होत्या. आपल्या पेट्या दुसरी बाई तपासायची तेव्हा अशाच उभ्या राहायच्या.

बऱ्याच वेळानं कापड हललं. दोनठोके बाहेर आले, डोळे चोळले, आणि खाली बसले. खडू धरलेला हात थरथरत होता. त्यांनी हातोडी धरायचे तसा तो धरला. मग खालच्या पट्टीवर, आपल्या दोन ठिपक्यांच्या शेजारी, सावकाश, पूर्ण, कुठेही तुटू न देता, निळा गोल काढला.